अक्षता पडण्याआधी



तुळशीचं लग्न लागलं, की आपल्याकडे माणसांच्या लग्नांची गडबड सुरू होते. पत्रिका येऊ लागतात, कपाटातल्या पैठण्या बाहेर निघतात, आणि एखाद्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणतं, "अरे, याला छान फोटो काढता येतात की! याच्याच हातात द्या कॅमेरा."

झालं! ऐकायला फार गोड वाटतं. छातीही फुगते. पण जरा थांबा. वाढदिवसाचे नि सहलीचे फोटो काढणं वेगळं आणि लग्नाचे वेगळं. वाढदिवसाला फोटो हलला, तर "पुन्हा एकदा सुरी धर रे केकवर" असं म्हणता येतं. लग्नात अंतरपाट दूर झाला, की झाला. "गुरुजी, जरा परत धरता का?" असं विचारून बघा बरं! सगळा मांडव तुमच्याकडे बघेल.

गेलेला क्षण राणीलासुद्धा परत मिळत नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. फोटो काढण्याची कला जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. पुढे १८५४ साली रॉजर फेंटन या छायाचित्रकाराने राणीचे नि तिच्या नवऱ्याचे दरबारी पोशाखातले फोटो काढले. आजही कित्येक जण ते फोटो लग्नाचे म्हणून दाखवतात. पण ते लग्नानंतर चौदा वर्षांनी काढलेले आहेत! राज्य केवढं मोठं, पण तो एक दिवस काही मागे फिरला नाही.

मग पहिल्यांदाच लग्नाचे फोटो काढणाऱ्याने करायचं काय? याचं उत्तर मला एका नववीतल्या मुलीने दिलं. ती माझी पुतणी. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मामाचं लग्न झालं. ठरवलेले फोटोग्राफर होतेच, पण मामाने भाचीलाही सांगितलं, "तूही काढ गं फोटो. तुझ्या नजरेतून बघू दे आम्हाला लग्न." वडिलांचा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन ती कामाला लागली. मीही वऱ्हाडात होतो. तिला काय जमलं, काय फसलं आणि त्यातून ती काय शिकली, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट तिने फार शहाणपणाची केली. कॅमेऱ्याआधी वही घेतली. लग्नाच्या आठ दिवस आधी ती आजीजवळ जाऊन बसली नि म्हणाली, "आजी, लग्नात आधी काय होतं, मग काय होतं, ते सगळं सांग मला." आजी खूश! हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, सगळं ओळीने सांगितलं. नुसती नावं नाहीत, तर कुठल्या वेळी कोण कुठे उभं असतं हेही. "लाजाहोमाला नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. मग तोच नवऱ्या मुलाचा कान पिळतो. तेव्हा तू भावाच्या तोंडाकडे बघ, नवऱ्याकडे नको!" काय नेमका सल्ला आहे बघा. आजीने आयुष्यात कधी कॅमेरा धरला नसेल, पण कुठे बघायचं ते तिला बरोबर ठाऊक!

तुमच्याही घरची रीत अशीच विचारून घ्या. प्रत्येक घराची वेगळी असते. कुणाकडे निकाह असेल, कुणाकडे चर्चमध्ये लग्न असेल, कुणाकडे त्रिशरण-पंचशील म्हटलं जाईल. नोंदणी विवाह असेल, तर सगळा प्रसंग काही मिनिटांचाच. वधूवरांच्या सह्या आणि साक्षीदारांच्या सह्या, की झालं लग्न! तिथे तर पेन कागदाला टेकण्याआधी तयार असायला हवं.

वहीच्या मागच्या पानावर तिने माणसांची यादी केली. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, आत्या, परगावाहून येणाऱ्या मावशा. शेवटी आईने एक नाव वाढवलं, लहानपणी मामाला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंचं. यादी नसती, तर त्या काकू पंगतीत जेवून, आहेर देऊन निघूनही गेल्या असत्या नि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसरा धडा हळदीच्या संध्याकाळी मिळाला. अंगणात लाल-पिवळ्या कापडाचा मांडव आणि त्यात पिवळे दिवे. तिने उत्साहाने तीस-चाळीस फोटो काढले नि पडद्यावर बघते तर काय, सगळे चेहरे नारिंगी, आणि मामाच्या गालावरची हळद गायब! पिवळ्या उजेडात पिवळी हळद दिसणार कशी?

असं का होतं, ठाऊक आहे? आपला मेंदू फार हुशार असतो. पिवळ्या दिव्याखालीही तो पांढरा सदरा पांढराच समजतो. कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही. तो बिचारा कापडातून गाळून आलेला उजेड जसाच्या तसा टिपतो. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत आणि कितीतरी मोबाइलमध्ये उजेडाचा प्रकार सांगायची सोय असते. सूर्य, ढग, बल्ब, ट्यूबलाइट अशी चित्रं तिथे असतात. बल्बचं चित्र निवडलं, की पिवळेपणा कमी होतो. पण लाल कापडाची लाली त्याने पुरती जात नाही. त्यावर तिने शोधलेला उपाय अगदी साधा होता. दुसऱ्या दिवशी ती माणसांना मांडवाच्या कडेला, मोकळ्या उजेडात बोलवायची. "आत्याआजी, जरा इकडे या ना," एवढंच म्हणायची. आत्याआजी उजेडात, नि फोटो झकास.

एक लक्षात ठेवा. माणसाच्या मागे उघडी खिडकी किंवा प्रखर दिवा असेल, तर चेहरा काळा येतो. कॅमेरा मागचा भरपूर उजेड बघून सगळंच चित्र अंधारं करून टाकतो. अशा वेळी तुम्ही जागा बदला. मोबाइल असेल, तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो चेहऱ्याचा उजेड मोजेल. आणि त्याआधी भिंग रुमालाने पुसा. लाडू खाल्लेली बोटं भिंगाला लागली, की सगळं लग्न धुक्यात लागल्यासारखं दिसतं!

आता मुख्य प्रसंग. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरलेला. माझी पुतणी मामाच्या मागे उभी. का? तर म्हणे तिथून नवरी समोर दिसेल! पण समोर होता अंतरपाट. त्याच्या पलीकडे नवरी, नि पुढे मामाचा केवढा तरी फेटा. तिसऱ्या मंगलाष्टकाला तिच्या ध्यानात आलं. अंतरपाटाचं जे टोक गुरुजी धरतात, त्याच्या जरा बाजूला उभं राहिलं, की एका अंगाला नवरा नि दुसऱ्या अंगाला नवरी असे दोघंही दिसतात. ती हळूच मागून वळसा घालून तिथे गेली. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढा एक क्षण! पुढच्याच क्षणी वाजंत्री, टाळ्या, हार नि ही गर्दी. तिला तो फोटो मिळाला. मला तर वाटतं, "सावधान" हा शब्द फोटो काढणाऱ्यालाही उद्देशून असावा.

त्याच वेळी तिच्या मावसभावाची काय अवस्था झाली, सांगू? सकाळपासून त्याने रुखवतातल्या एकूण एक वस्तूचं चित्रीकरण केलं होतं. ऐन अक्षतांच्या वेळी त्याचा मोबाइल "जागा शिल्लक नाही" म्हणून अडून बसला. तेव्हा आदल्या रात्रीच जागा मोकळी करा, बॅटरी पूर्ण भरा आणि रुखवतातल्या कापसाच्या बाहुल्यांना दोन-तीन फोटो पुरे, बरं का!

अक्षतांचं गणितही बघून ठेवा. तांदळाचा दाणा मीटरभर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला साधारण चार मीटर होतो. समजा, तुमच्या कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडी राहिली. तेवढ्यात दाणा सहा-सात सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत दाणा नाही, पांढरी रेघ उमटते. झडप १/५०० सेकंदच उघडली, तर तो जेमतेम आठ मिलिमीटर सरकतो, म्हणजे साधारण स्वतःच्या लांबीएवढाच. मग अक्षता हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. मात्र झडप लवकर मिटली, की उजेड कमी मिळतो. तो भरून काढायला कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागते, आणि ती फार वाढवली, की फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. म्हणून भर दुपारच्या लग्नात जे जमतं, ते गोरज मुहूर्ताला जमेलच असं नाही. हे सगळं घरी आधी करून पाहायचं. वाटीभर तांदूळ नि धाकटा भाऊ एवढं साहित्य पुरतं. नंतर तांदूळ मात्र वेचून ठेवा, नाहीतर आईच्या अक्षता तुमच्या डोक्यावर पडतील!

यानंतरचा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो दिला तिथल्या व्यावसायिक फोटोग्राफरने. पुतणी दोनदा त्यांच्या चौकटीत आली. ते रागावले नाहीत. तिला बाजूला बोलावून म्हणाले, "ताई, नवरा-नवरीचे फोटो मी काढतोयच. त्याचेच मला पैसे मिळतात. तू तिकडं बघ, जिकडं बघायला मला सवड नाही."

तिने मान वळवली. आणि तिला निराळंच लग्न दिसायला लागलं!

सनईवाले काका दोन रागांच्या मधे चहा पीत होते. बशीतला चहा फुंकत होते, नि सनई मांडीवर बाळासारखी निजवलेली. मागच्या दाराशी आचारी घामाने न्हालेले, नि त्यांच्यातला एक तरुण दाराच्या फटीतून अक्षता टाकत होता. एक चिमुरडी नव्या परकराच्या ओच्यात सांडलेल्या अक्षता गोळा करत होती. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची पणजी. गर्दीमुळे पणजीला बोहलं दिसत नव्हतं, तरी तिचे हात जोडलेले होते.

हे फोटो ठरवून काढता येत नाहीत. पण ते फार महत्त्वाचे असतात, आणि का ते सांगतो. एखाद्या जुन्या घरात गेलात, तर भिंतीवरची तसबीर नीट बघा. आजोबांचा फोटो असतो, हार घातलेला. कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा दिसतो, किंवा साडीचा काठ. तो फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नात काढलेला असतो. माणूस गेल्यावर घरचे फोटो शोधतात, आणि सापडतो तो लग्नातल्या घोळक्यातला. मग तेवढाच चेहरा कापून मोठा करून घेतात. घरातली म्हातारी माणसं नवे कपडे घालून, हसतमुखाने एकत्र येतात ती लग्नातच ना? म्हणजे तुम्ही ज्या दिवशी नवरीच्या दागिन्यांचा शंभरावा फोटो काढत असता, त्याच दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणाचा तरी कदाचित शेवटचा चांगला फोटो तुमची वाट बघत असतो. तो काढायला एक मिनिट लागतं. पण तिकडे जायला मात्र हवं.

आणि जाताना रीत सांभाळायची. होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलंय का तुम्ही? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईत. देश स्वतंत्र होतानाचे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. एवढ्या मोठ्या बाईंनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. त्यामागचं एक कारण त्या सांगत, की नव्या छायाचित्रकारांचं वागणं त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या काळात कपडे कसे असावेत, समारंभात कसं वावरावं, याचे नियम पाळले जात. तेव्हा धक्काबुक्की करून, आजीच्या पुढे उभं राहून फोटो काढणाऱ्याला कौशल्य असून उपयोग काय? लग्न बघायला आलेल्यांना लग्न दिसू द्यावं. होमाजवळ चपला घालून जाऊ नये. कुणी घास तोंडात घालत असेल, तर फोटो काढू नये. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, असा फोटो तुमचा काढला तर चालेल का तुम्हाला?

आता पाठवणीचं ऐका. गाडी फुलांनी सजलेली. नवी मामी आईच्या गळ्यात पडून रडत होती नि सगळे कॅमेरे तिच्याकडे वळलेले. माझ्या पुतणीने मान वळवली. पलीकडे, कार्यालयाच्या खांबाआड, मामीचे बाबा उभे होते. दिवसभर पाहुण्यांना "जेवून जा हं" म्हणत फिरलेले, सगळ्यांशी हसून बोललेले. आता पाठ वळवून उपरण्याने डोळे पुसत होते.

तिने लांबूनच एक फोटो काढला. एकच. मग कॅमेरा खाली घेतला.

गाडीत मावसभाऊ म्हणाला, "भारी आलाय हा! टाक ना स्टेटसला." ती म्हणाली, "त्यांना विचारलेलं नाही." त्यावर गाडीत जोरदार वाद झाला. तो म्हणे, एवढा चांगला फोटो लपवून काय करायचा? ती म्हणे, ते खांबाआड गेले ते कुणी बघू नये म्हणूनच ना? दोघांचंही म्हणणं मी ऐकून घेतलं. तुम्हीही यावर घरी वाद घालून बघा. मला विचाराल, तर पुतणीचं बरोबर होतं. आनंदाचा फोटोसुद्धा विचारून दाखवावा, आणि रडण्याचा तर आधी त्या माणसाच्याच हातात द्यावा.

तिने तसंच केलं. पंधरा दिवसांनी मामी माहेरी निघाली, तेव्हा त्या फोटोची प्रत पाकिटात घालून दिली नि म्हणाली, "मामी, हे तुमच्या बाबांना द्या. तुम्ही बघितलंत तरी चालेल." मामीने पाकीट उघडलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, बाबा रडलेच नाहीत."

फोटोग्राफरने पाठवलेला अल्बम मोठा सुंदर होता. जाड पानं, सोनेरी कडा. पण त्यात हे पान नव्हतं.

शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, पण चुकवू नका. लग्न झालं, की त्याच रात्री सगळ्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. मोबाइल हरवतो, संगणक बिघडतो. दोन्ही एकाच दिवशी होण्याची शक्यता कमी. मग निवड करायची. माझ्या पुतणीने चारशे बारा फोटो काढले होते, त्यातले साठ ठेवले. तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, सगळे दाखवले, तर कुणी एकही बघत नाही." आणि प्रत्येक फोटोत कोण आहे, त्यांची नावं लिहायची. आज सगळे ओळखीचे वाटतात. तीस वर्षांनी मात्र तुमचीच मुलं विचारतील, "या खुर्चीवरच्या आजी कोण?" तेव्हा सांगणारं कुणी असेलच असं नाही.

मग, यंदा कुणाकडे आहे लग्न? असेल, तर आजच वही काढा नि आजीजवळ जाऊन बसा. आणि नसेल, तरी येत्या रविवारी एक करून बघा. घरात सगळे जेवायला बसले, की कॅमेरा घ्या नि जी व्यक्ती वाढत असते, तिचा एक छानसा फोटो काढा. घरातल्या फोटोंमध्ये तिचे किती फोटो सापडतात, तेही मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा. तो कमी भरला, तर कुणाचे फोटो काढायचे राहिलेत ते तुम्हाला आपोआप कळेल.

भेटू पुढच्या आठवड्यात!